पाटकऱ्याची पाठ

आषाढी एकादशी झाली की लग्नातले दिवे मी पुसून खोक्यात ठेवतो. आता थेट तुळशीच्या लग्नापर्यंत मोठी ऑर्डर नसते. धुळ्याच्या देवपुरातला आमचा फोटो स्टुडिओ हे चार महिने पासपोर्ट फोटो, कॉलेजचे फॉर्म आणि एखाद-दुसऱ्या बारशावर चालतो. आतल्या खोलीतलं मोठं टेबल, ज्यावर एरवी अल्बमची पानं पसरलेली असतात, ते मोकळं होतं. गेली नऊ वर्षं दर चातुर्मासात त्या टेबलावर मी लेगोच्या ठोकळ्यांची फिल्म करतो.

काम सांगायला दोन ओळींचं आहे. ठोकळ्यांचं गाव मांडायचं, त्यात बोटभर उंचीची माणसं उभी करायची आणि फोटो काढायचा. मग एका माणसाचा पाय किंचित पुढे न्यायचा, आपला हात बाजूला घ्यायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो ओळीनं दाखवले की पडद्यावरचा एक सेकंद होतो आणि तो माणूस चालतो. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. आम्ही एकेक फोटो दोनदा दाखवतो, म्हणून बारावर भागतं. माझी मागच्या चातुर्मासातली फिल्म तीन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे, म्हणजे २,६४० फोटो. रात्री जेवून बसलो की दीड वाजेपर्यंत साठ-सत्तर होतात. त्यातून पाच-साडेपाच सेकंद हाती लागतात.

लोक विचारतात, एवढा धीर कुठून आणता? माझ्याकडे धीर फारसा नाही. लग्नात मी कॅमेरा घेऊन पळणारा माणूस आहे, अक्षता पडायच्या क्षणी मांडवात कुठून कुठे उडी मारीन ते सांगता येत नाही. टेबलाशी बसल्यावर मला जे लागतं ते वेगळंच असतं. वस्तू कशी हलते हे आधी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं, आणि टेबलावरचं जे हलायला नको ते पक्कं बांधलेलं असावं लागतं. ह्या दोन गोष्टी असल्या की रात्र कशी सरते ते कळत नाही. त्या नसल्या की दहाव्या फोटोलाच जीव वैतागतो. ज्याला पावलोपावली धीर धरावा लागतो त्याची मांडणी कुठंतरी कच्ची आहे असं मी खुशाल समजतो.

ठोकळे माझ्याकडे आले ते भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगला गेला आणि बहिणीनं घर आवरताना एक मोठं खोकं माझ्याकडे धाडलं, “तुझ्या स्टुडिओत येणाऱ्या पोरांना खेळायला ठेव.” पासपोर्ट फोटोला आलेली लहान मुलं रडतात, तेव्हा हातात काहीतरी द्यावं लागतं, म्हणून मी ते ठेवून घेतलं. एका पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्टँडवर कॅमेरा होताच. खोक्यातल्या एका टोपीवाल्या माणसाला मी टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. अठ्ठेचाळीस फोटो, चार सेकंद.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा रोज संध्याकाळी स्टुडिओत येऊन बसत. स्टुडिओ त्यांचाच. त्यांच्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग होई. उजेडाच्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलनं टिंबटिंब देत नवरीच्या गालावरचा देवीचा व्रण बुजवायचा. एका चेहऱ्याला तास जायचा. त्या तासात अण्णा खोकलासुद्धा आवरून धरीत. मी मांडलेलं पाहून त्यांनी खुर्ची ओढली. “हाई काय मांडेल शे रे भाऊ?”

मी चार सेकंद दाखवले. त्यांनी ते तीनदा पाहिले, चष्मा पुसून चौथ्यांदा पाहिले. मग म्हणाले, माणूस सरकतोय, चालत नाही. त्याच्या अंगाला वजन नाही.

त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं होतं. मी प्रत्येक फोटोत त्याला सारखंच अंतर पुढे नेलं होतं. माणूस तसा चालत नाही. पाऊल उचलतो तेव्हा हलका असतो, टेकवतो तेव्हा अंगाचा भार त्या पायावर येतो आणि तिथं तो क्षणभर, अगदी क्षणभर, थांबतो. मी पाऊल टेकल्यावर एक फोटो जास्त काढून पाहिला, नुसता तसाच उभा. माणसाला एकदम वजन आलं. प्लॅस्टिकचा, काही ग्रॅमचा माणूस, पण डोक्यावर पोतं असल्यासारखा चालू लागला. अण्णा हसले नाहीत, मान हलवून घरी गेले. त्या दिवसापासून हे काम मला सोडवलेलं नाही.

आता थोडं लेगोच्या हिशेबाबद्दल. ठोकळ्याच्या वर जे गोल उंचवटे असतात त्यांना पोरं बटणं म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर आठ मिलिमीटर. माणसाचं पाऊल बटणावर घट्ट बसतं, पण दोन बटणांच्या मधे कुठेच बसत नाही. आणि चालण्याची सगळी गंमत त्या मधल्या जागेतच असते. म्हणून मी रस्ता गुळगुळीत फरशांचा करतो आणि पावलाखाली डबल टेपचा तांदळाएवढा तुकडा लावतो. मग माणूस हवा तिथं, हवा तसा एका पायावर उभा राहतो. ह्या माणसाला गुडघा नाही, कोपर नाही. पाय कमरेतून वळतो, हात खांद्यातून, मनगट फिरतं, डोकं फिरतं. एवढ्यावर त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचं. मला ही अडचण वाटत नाही. आपल्याकडच्या कठपुतळ्यांनाही गुडघे नसतात आणि त्यांचं रडणं लोकांना दिसतंच की.

१९५८ साली डेन्मार्कमध्ये पेटंट घेतलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर तसाच बसतो. ह्याच्या फिल्म करायची कल्पनाही तिकडचीच. १९७३ साली लार्स आणि हेन्रिक हॅसिंग ह्या दोघांनी सुपर-आठच्या फिल्मवर सहा मिनिटांचा ‘चंद्रावरचा प्रवास’ केला, ठोकळ्यांची माहीत असलेली पहिली फिल्म तीच. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा लिंडसे फ्ले १९८५ पासून १९८९ पर्यंत ‘द मॅजिक पोर्टल’ करत बसला. आणि २०१४ साली हॉलीवूडनं लेगोचा मोठा सिनेमा काढला तो जवळजवळ सगळा संगणकावरचा होता, पण दिसायला हुबेहूब टेबलावर हातानं केल्यासारखा. त्या लोकांनी मुद्दाम ठोकळ्यांवर ओरखडे आणि बोटांचे ठसे काढले होते. ते वाचलं तेव्हा मला भरून आलं. मी रात्री-रात्री चष्म्याच्या कापडानं माणसांच्या पोटावरचे माझे ठसे पुसतो, आणि तिकडे शेकडो कारागीर ते ठसे रंगवतात, कारण त्या ठशांशिवाय हे काम माणसाचं वाटत नाही.

पण माझा खरा आधार त्यांच्यापैकी कोणी नाही, दादासाहेब फाळके आहेत. फाळके आमच्या धंद्यातले. गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढेल तसतसे त्याचे एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर मिनिटाभरात बी फुटलं आणि वेल वर चढली. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलून आकृत्या करतात. मोटर नाही, लॅपटॉप नाही, हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसानं, आपल्यापासून एका जिल्ह्यापलीकडच्या माणसानं, शंभर वर्षांपूर्वी काड्या हलवल्या. आपल्याकडे फाळक्यांचं नाव निघतं ते ‘हरिश्चंद्रा’पुरतं. मला वाटाण्याचं रोप त्याहून मोठं वाटतं. त्यात नट नाही, गोष्ट नाही, नुसतं पाहणं आहे.

माझ्या टेबलावरचा सगळ्यात मोठा शत्रू उजेड. डोळ्याला जो फरक दिसत नाही तो कॅमेऱ्याला दिसतो. पहिल्या वर्षी मी खिडकीच्या उजेडात काम केलं. श्रावणातलं ऊन, ढग, पुन्हा ऊन. फिल्म चालवली तर गाव वीज चमकल्यासारखं उघडझाप करत होतं. मग खिडकीला काळं कापड लावलं आणि रात्री बसू लागलो. तरीही अधूनमधून चित्र मंदावायचं. आठ-दहा दिवस मी कॅमेऱ्यालाच दोष देत होतो. शेवटी फोटोंच्या वेळा कागदावर उतरवून काढल्या तेव्हा उलगडलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायची पाळी असते त्या रात्री घरोघरी मोटरी सुरू होतात, व्होल्टेज खाली येतं आणि माझा दिवा किंचित लाल होतो. त्यावर उपाय म्हणून दोन एलईडी पॅनेल मी बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतली. तरीही पाण्याच्या रात्री मी टेबलाशी बसत नाही. हंडे भरायचे असतात, आणि ते भरताना मन कामात नसतं.

दुसरा शत्रू माझी स्वतःची लेन्स निघाली. आजच्या लेन्सची आतली झडप दर फोटोला मिटते-उघडते, आणि दर वेळी अगदी त्याच मापावर येईल असं नाही. केसभर फरक पडतो, पण सेकंदाला बारा फोटो ओळीनं धावले की तो फरक लुकलुकतो. अण्णांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स कपाटात पडून होती. तिची झडप हातानं, कडं फिरवून लावायची असते. एकदा लावली की तिथंच राहते. एक अडॅप्टर मागवून ती मी माझ्या कॅमेऱ्याला बसवली आणि लुकलुक गेली. ज्या लेन्सनं अण्णांनी अर्ध्या देवपुराची लग्नं काढली तिच्यातून आता ठोकळ्यांचं गाव दिसतं. अण्णा असते तर त्यांनी कडं फिरवून आधी तिची ग्रीस तपासली असती.

अंगात काळा शर्ट घालायचा, हे मला फार उशिरा कळलं. पांढरा सदरा घालून टेबलाशी वाकलं की सदऱ्यावरून परतलेला उजेड प्लॅस्टिकवर पडतो, आणि मी दर फोटोला वेगळ्या जागी उभा, म्हणजे उजेडही वेगळा. आता काळा शर्ट, बाहीला बटण, मनगटावर घड्याळ नाही. पंखा बंद. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, रिमोटनं फोटो. स्टँडचे पाय फरशीला टेपनं चिकटवलेले, टेबलाच्या पायांभोवती खडूची खूण. ठोकळ्यांचा पाया प्लायवूडवर स्क्रूनं कसलेला, प्लायवूड टेबलाला शिकंज्यानं. लॅपटॉपवर मागचा फोटो आताच्या फोटोवर कांद्याच्या पापुद्र्यासारखा दिसतो, त्यामुळे हात किती हलवला ते कळतं.

हे सगळं केलं तरी एका वर्षी गणपतीत फटका बसला. विसर्जनाच्या आधीच रस्त्यानं एक मिरवणूक गेली, मोठा डीजे होता. मी काम थांबवून खिडकीत उभा राहिलो, मिरवणूक लांब गेली, परत येऊन बसलो आणि पहाटेपर्यंत एकशे चाळीस फोटो काढले. सकाळी पाहतो तर बैलगाडी, झाड आणि विहिरीचा रहाट, तिन्ही आपापल्या जागेवरून पाव मिलिमीटर सरकलेले. आवाजाच्या हादऱ्यानं गाव हललं होतं आणि मी जुन्या फोटोशी ताडून न पाहता पुढं गेलो होतो. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस टाकून दिले. आता गणपतीचे शेवटचे चार दिवस मी फक्त आवाजाचं काम करतो.

मागच्या चातुर्मासातली फिल्म पाणी वाटण्याच्या फड पद्धतीवर होती. आमची पांझरा नदी बाहेरच्याला बहुतेक वेळा कोरडी दिसते. पुलावरून जाताना खाली वाळू, दगड आणि एकवीरा देवीच्या अंगाला थोडं पाणी. पण ह्याच नदीवर, आणि मोसम, आरम ह्या शेजारच्या नद्यांवर, शेकडो वर्षांपासून लहान बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेर बदलायचा. प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर झळ सगळ्यांना सारखी. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. वाटप शेतकऱ्यांचे पंच ठरवणार आणि पाटकरी ते पाळणार. शाळेत आम्हाला नाईल आणि सिंधूचं पाणी शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही. मुलांनी हे पाहावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ठोकळ्यांपेक्षा चांगली जागा सापडणार नव्हती, कारण फड म्हणजे मुळातच चौकोन आणि वाटे.

पाणी कसं दाखवायचं हा पहिला प्रश्न. निळ्या पारदर्शक गोल टिकल्या घेतल्या, एका बटणाएवढ्या. पाटभर त्या ओळीनं मांडल्या. दोन टिकल्यांमधल्या अंतराचे तीन भाग केले. पहिल्या फोटोत टिकल्या मूळ जागी, दुसऱ्यात सगळ्या एक तृतीयांश पुढे, तिसऱ्यात दोन तृतीयांश. चौथ्या फोटोत प्रत्येक टिकली पुढच्या टिकलीच्या जागी पोचते, म्हणजे चौथा फोटो पहिल्यासारखाच. तीनच फोटो फिरवत राहा, पाणी वाहत राहतं. पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, पाणी फार शहाण्यासारखं वाहतंय, पाट काय नळ आहे का? मग मी काही टिकल्या वाकड्या ठेवल्या, दोन-चार पांढऱ्या घातल्या, एक काटकी सोडली. आता ते आमच्या पाटाचं झालं.

पाटकऱ्याला काही केल्या जमेना. तो चारीच्या तोंडाशी येतो, फावड्यानं मातीचा बांध ओढतो, बारं, म्हणजे शेताकडचं तोंड, फुटतं, पाणी शेतात जातं. एवढंच. मी ते तीन रात्री केलं आणि तिन्ही वेळा तो शेतकरी न दिसता सिनेमातला हमाल दिसला. शेवटी मोटरसायकल काढली आणि पांझरेकाठच्या एका गावात गेलो, जिथं फड अजून नांदतो. एक म्हातारे बाबा बांधावर भेटले, जन्मभर पाणी वाटलेले. मी त्यांना म्हटलं, बाबा, बारं कसं देता ते दाखवाल? त्यांना प्रश्नच कळेना. बारं देतात तसं देतात. मग मी नुसता बसलो. तासाभरानं पाणी आलं आणि ते उठले.

फावडं ते उचलत नाहीत. उचलणारा दमतो. फावड्याचं पातं मातीत रोवून ठेवतात, दांड्यावर दोन्ही हात, आणि पाण्याकडे बघत थांबतात. पाणी बांधापर्यंत भरेस्तोवर. मला वाटलं ते विसरलेच. मी काही बोलणार तर म्हणाले, “पयले पानी येऊ दे, मंग बारं.” पाणी काठाशी आलं आणि त्यांनी फावडं फक्त आपल्याकडे ओढलं, हात दीड हात. बांध आपोआप फुटला. जोर त्यांचा कमी आणि पाण्याचा जास्त.

घरी येऊन मी पाटकऱ्याला फावडं रोवून उभा केला आणि सहा फोटो काहीच केलं नाही. सहा फोटो म्हणजे अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात फक्त पाण्याच्या टिकल्या पुढे येतात. पाचव्या फोटोला त्याचं डोकं पाण्याकडे जरासं वळतं. मग तीन फोटोंत ओढ. अण्णांनी सांगितलेलं वजन मला तिथं मिळालं. जो पैसे देऊन बघायला येईल त्याला त्या सहा फोटोंत काय आहे हे सांगता येणार नाही, पण ते काढून टाकले तर फिल्म मरते, हे मी करून पाहिलं आहे.

पैशाचं लवकर सांगून टाकतो. ह्या कामावर घर चालत नाही. दोन दुकानांच्या जाहिराती केल्या, एका क्लाससाठी अर्ध्या मिनिटाची फिल्म केली, एका नवरदेवानं पत्रिकेऐवजी ठोकळ्यांचं वऱ्हाड करून मागितलं. बाकी सगळं लग्नसराईच्या जिवावर. खऱ्या लेगोचं एकेक खोकं महाग पडतं. बाजारात मिळणारे स्वस्त ठोकळे भिंती, बांध, घरं ह्यांना चालतात. माणसं मात्र खरीच घ्यावीत. नकली माणसाचा हात शंभर वेळा हलवला की सैल होतो आणि चालू फोटोत खाली पडतो.

मे महिन्यात मी एका शाळेच्या वर्गात मुलांना हे शिकवतो. धुळ्याचा मे म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, आणि पंखा लावता येत नाही. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेनऊ. पंधरा मुलं, तीन टेबलं, प्रत्येक टेबलाला आई-बापाचा एक मोबाइल. मोबाइलचा उजेड आणि फोकस बोट दाबून बांधून टाकायचा, एवढं पहिल्या दिवशी शिकवतो. गोष्ट त्यांनीच आणायची. मुलगे बहुतेक मारामारी आणतात, त्यालाही मी नाही म्हणत नाही, कारण मारामारीत वजन लगेच शिकता येतं.

दोन वर्षांपूर्वी एका टेबलावरच्या मुलींनी कानबाई घेतली. खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच देवीचं रूप, डोळे, नथ, चौरंगावर मांडणी. भाऊबंदकी एकत्र येते, रोट होतात, गंगाफळाची भाजी, पुरणपोळ्या. रात्रभर गाणी आणि फुगड्या. त्या मुलींनी तपकिरी गोल ठोकळ्याचा नारळ केला आणि त्याला पिवळ्या फुलाच्या ठोकळ्याची नथ लावली. नथ नारळापेक्षा मोठी झाली. मी म्हटलं, लहान करू या. त्या म्हणाल्या, नाही सर, लांबून नथच दिसते.

फुगडी करायची वेळ आली. मी त्यांना दोन बाहुल्या समोरासमोर उभ्या करून, हात हातात अडकवून, गोल तबकडीवर फिरवून दाखवल्या. छान फिरत होत्या. त्यातली एक, सातवीतली, गप्प बसून पाहत होती. ती म्हणाली, “सर, ह्या फुगडी नाही खेळत, ह्या गिरणीसारख्या फिरताहेत. फुगडीत मागे झुकतात. नाही झुकलं तर फिरवत नाही समोरची.” तिनं डब्यातून बिजागरीचे दोन ठोकळे शोधले, बाहुल्यांच्या पायाखाली लावले आणि दोघींना मागे कलवलं. हात ताणले गेले. मग फिरवता फिरवता तिनं प्रत्येक तिसऱ्या फोटोला दोघींचे केस वेगवेगळ्या बाजूला वळवले. बाहुलीच्या डोक्यावरचे केस टोपीसारखे काढता-घालता येतात हे मी इतकी वर्षं पाहत होतो, ते फुगडीत उडवावेत हे मला सुचलं नव्हतं. तिला सुचलं कारण ती फुगडी खेळलेली होती. त्या अकरा सेकंदांसाठी त्यांनी तीन सकाळी घालवल्या, घामानं हात ओले, फोटोआधी प्रत्येक वेळी ओढणीला पुसायचे. कानबाईच्या दिवशी एका घरात ती फिल्म टीव्हीवर लावली होती, मीही गेलो होतो. बायका ती पाहून जागच्या उठल्या आणि खरी फुगडी सुरू झाली.

फडाची फिल्म दिवाळीआधी पूर्ण झाली. मी लॅपटॉप घेऊन पुन्हा त्या बाबांकडे गेलो. घरातली पोरं, सुना, शेजारी जमले. बाबांनी सगळी पाहिली. बंधारा पाहून खूश झाले, जागल्याच्या हातातला कंदील पाहून हसले, सहा फोटोंची थांब आली तेव्हा त्यांनी पाण्याकडे बघताना करतात तशीच मान केली. मी आत कुठंतरी भरून पावलो. मग बारं फुटलं आणि ते म्हणाले, हा बुडाला.

कोण बुडाला? पाटकरी. मी त्याला चारीच्या तोंडासमोर उभा केला होता. बारं फुटलं की सगळं पाणी त्याच्याच पायांवर येणार, पायाखालची माती जाणार, उभा कसा राहील? पाटकरी कडेच्या बांधावर उभा राहतो आणि तिथून ओढतो. मी स्वतः त्यांना तसं उभं पाहिलं होतं. पाहूनही मी त्याला समोर आणला, कारण समोर उभा राहिला की त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे येतो. वीस वर्षं लग्नं काढलेला माणूस मी, “इकडे बघा” म्हणत नवरा-नवरीला, मामाला, भटजीलासुद्धा कॅमेऱ्याकडे वळवणारा. तीच सवय पाटकऱ्याला लावली होती.

घरी आलो. लग्नाच्या ऑर्डरी सुरू व्हायला अकरा दिवस होते. खडूच्या खुणांवर टेबल पुन्हा लावलं, बॅटरी भरली, अण्णांच्या लेन्सचं कडं त्याच आकड्यावर आणलं. बारं फुटण्याचा तुकडा आठ सेकंदांचा होता. ते शहाण्णव फोटो मी नव्यानं काढले. आता फिल्ममध्ये पाटकरी कडेच्या बांधावर उभा आहे आणि त्या आठ सेकंदांत त्याची फक्त पाठ दिसते.